चिमणाबाईंच्या किडन्यांची सर्वसाधारण सभा

रविवारी सकाळी साळोख्यांच्या घरात चिमणाबाईंच्या किडन्यांवर बैठक बसली, तेव्हा त्या किडन्यांच्या मालकीणबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या.

बैठक गुप्त होती. आईला काही कळू द्यायचं नाही असं सगळ्यांचं एकमतानं ठरलं होतं, आणि या घरात एकमतानं ठरलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट असावी. पण आवाज खाली आणून बोलायची साळोख्यांना सवय नव्हती. "हळू बोला रं, ती आत हाय," असं बाळासो म्हणाले ते समोरच्या तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्यांनीही ऐकलं.

चिमणाबाईंना हसू आलं. पाय सुजून टम्म झाले होते, तोंडाची चव गेली होती, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागत होती, तरी हसू आलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं त्यांच्यापासून एकही गोष्ट लपवून दाखवली नव्हती. त्याच्या पोटातलं तालमीला आधी कळायचं आणि तालमीतलं बायकांना.

बाहेरच्या खोलीत बाळासो हातांच्या खुर्चीत बसले होते. पेठेतल्या दूध संस्थेचे ते इतकी वर्षं चेअरमन होते की घरातसुद्धा त्यांना विषयपत्रिकेशिवाय बोलता येत नसे. आणि चेअरमनचंच घर म्हटल्यावर तिथं कुठलाही प्रश्न दोन पॅनेलं उभी राहिल्याशिवाय सुटत नसे. घराला रंग कुठला द्यायचा यावरून पॅनेलं पडली तेव्हा घर दोन दिवाळ्या बिनरंगाचं राहिलं. शेवटी रंगवलं ते दोन्ही बाजूंना न आवडणाऱ्या पोपटी रंगानं. त्याला बाळासो तडजोड म्हणत. बाकीची पेठ त्या घराला काय म्हणत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हशी होत्या तेव्हाची गोष्ट आणखी मजेची. म्हशी चिमणाबाईंनी बघायच्या, धारा चिमणाबाईंनी काढायच्या, शेण चिमणाबाईंनी उचलायचं. संस्थेत सभासद मात्र बाळासो. वार्षिक सभेला ते फेटा बांधून जायचे आणि दुधाच्या प्रतीबद्दल भाषण करायचे. त्यांना धार काढता येते का, असं एका विरोधकानं एकदा भर सभेत विचारलं होतं. तो विषय अध्यक्षांनी तहकूब केला.

"तर विषय असा," बाळासोंनी घसा साफ केला, "की तुमच्या आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात जमा हायत. डाक्टरीणबाई म्हणत्यात, डायलिसिस. आता ते कुठल्या पद्धतीनं करायचं, ह्येच्यावर ज्येनं त्येनं मत मांडावं. एकाच येळी बोलू नये."

मग सगळे एकाच वेळी बोलले.

त्यातून थोरल्या विजयसिंहचा आवाज वर निघाला. पेठ वडगावात त्याचं सिमेंट-सळीचं दुकान होतं आणि रोज गिऱ्हाइकांशी ओरडून त्याचा गळा तयार झाला होता. "दवाखान्यातलं मशीनच बेस. तिथं डॉक्टर हाय, नर्स हाय. काय झालं-गेलं तर बघाय माणूस हाय. घरात कोण बघणार?"

"वर्षा हाय की," धाकटा पृथ्वीराज म्हणाला. तो याच घरात वरच्या मजल्यावर राहत होता. "दादा, त्यापरास पोटाचं डायलिसिस लई सोपं. पोटात एक नळी बसवत्यात. पिशवीतलं पाणी आत सोडायचं, काही तासांनी घाण पाणी भाईर काढायचं. दिवसातनं तीन-चार खेपा. आईला उंबरा वलांडाय नगं. विषय कट."

स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या वर्षाराणीचा हात थांबला. पृथ्वीराजची ही बायको. लग्न होऊन आल्यापासून सासूशी तिचं मिठावरून, तेलावरून, डब्यांच्या जागेवरून वाजत आलं होतं. पण डॉक्टरांनी सासूचं मीठ तोडलं आणि मिठाची बरणी सुनेच्या ताब्यात आली, तेव्हापासून दोघींचं भांडणच संपलं. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला सोपं जातं.

"मला कवा इचारलं ह्येनी, आत्ती?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मला तरी कवा इचारलं? कप लाव."

दोन्ही भावांच्या मतामागं काय होतं ते चिमणाबाईंना चहाच्या रंगावरून दूध कळावं इतक्या सहज कळत होतं. घरी डायलिसिस करायचं तर एक स्वच्छ, दार लावता येणारी खोली लागणार, आणि तशी खोली तळमजल्यावर एकच होती, रस्त्याकडची. तिच्यात कोल्हापूरचं ऑफिस काढायचं विजयसिंहनं केव्हापासून मनात धरलं होतं. उलट दवाखान्यात जायचं तर आठवड्यातून तीनदा कुणीतरी गाडी काढायला हवी. वडगावचा माणूस काही रोज येणार नाही, म्हणजे ते पृथ्वीराजच्या गळ्यात. तो पेठेतल्या फुटबॉल संघाचा व्यवस्थापक होता आणि त्याच्या सगळ्या सकाळी चेंडूच्या मागं जात. दोघंही आईच्या काळजीनं बोलत होते, यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या काळजीला एकाची खोली चिकटली होती आणि दुसऱ्याचं मैदान.

मुलगी मोना जयसिंगपुरातून येताना पोतंभर शहाळी घेऊन आली होती. आल्या-आल्या ती पृथ्वीराजच्या बाजूची होती. आईला दवाखान्याच्या फेऱ्या नकोत, असं तिचंही मत. पण वर्षाराणीनं ते पोतं दारातच अडवलं.

"ताई, शहाळं चालत न्हाय त्यास्नी. डाक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय."

"नारळपाणी कुणाला बाधलंय का आजवर? किडनी साफ हुती त्येनं."

"चांगली किडनी हुत असंल. ह्या किडनीला त्यातलं पोटॅशियम भाईर टाकता येत न्हाय. साठलं की काळीज बंद पडतंय."

शहाळी तालमीतल्या पोरांनी प्यायली. मोना त्याच क्षणी विजयसिंहच्या पॅनेलमध्ये गेली आणि दवाखान्यातल्या मशीनचे फायदे सांगू लागली. तिनं मशीन पाहिलेलं नव्हतं.

"आणि किडनी बदलायचं काय?" तिनंच मध्ये विचारलं. "घरातल्या कुणीबी एक दिली तर चालती म्हणं."

विजयसिंहला महत्त्वाचा फोन आठवला. पृथ्वीराज पंखा नीट फिरतोय का ते बघू लागला. मोनाला विचारून झाल्यावर आपणही घरातल्याच आहोत हे ध्यानात आलं आणि तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

"तो विषय पत्रिकेवर न्हाय," बाळासोंनी निर्णय दिला. सगळ्यांना हायसं वाटलं.

मग अध्यक्षांनी स्वतःचं मत मांडलं. निपाणीच्या पलीकडं एक वैदू काढा देतो. किडन्या बसलेली माणसं उठून उसाला पाणी पाजायला गेली आहेत. "मशीन म्हंजे शेवट, ध्यानात ठेवा. एकदा लागलं की सुटत न्हाय. आपला गणपत मशीनवरच गेला."

गणपतराव म्हणजे बाळासोंचे धाकटे भाऊ. त्यांचं नाव निघालं की या घरात कुणी पुढं बोलत नसे. कपबश्यांचा ट्रे उचलता उचलता चिमणाबाईंनी तो परत ओट्यावर ठेवला.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. डॉ. संघप्रिया यांच्या टेबलापुढच्या खुर्चीत बाळासो बसले होते, मागं दोन मुलगे उभे, आणि दाराजवळ, औषधांची पिशवी धरून, पेशंट.

"पाय कधीपासून सुजतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"श्रावणापासनं," बाळासो म्हणाले.

"झोप लागते?"

"लागती की. झ्याक."

चिमणाबाई कित्येक रात्री उशीला टेकून बसून काढत होत्या. आडवं झालं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. झोप झ्याक लागत होती ती शेजारी घोरणाऱ्याला.

डॉक्टरांनी चष्मा काढून बाळासोंकडं नीट पाहिलं. "काका, पेशंट तुम्ही आहात का?"

"न्हाय. ही."

"मग तुम्ही तिघं थोडा वेळ बाहेर बसा."

बाळासोंना सभागृहाबाहेर काढायचा ठराव विरोधकांना कधी साधला नव्हता. त्या बाईंनी तो आवाज न चढवता साधला. दार लागलं आणि चिमणाबाई प्रथमच त्या खुर्चीत बसल्या.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. किडन्यांचं काम दहा टक्क्यांवर आलंय, ते आता वाढणार नाही. पुढं वाटा चार आहेत. दवाखान्यातलं मशीन, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. घरी पोटातलं डायलिसिस, रोज. कुणाची किडनी मिळाली आणि तब्येतीला झेपणार असेल तर ती बदलणं. आणि यातलं काहीच नको असेल तर औषधांनी त्रास कमी करत राहणं, त्यात आयुष्य कमी मिळेल, पण तीही वाट आहे आणि ती निवडणाऱ्याला आम्ही सोडून देत नाही. प्रत्येक वाटेनं काय मिळतं आणि काय जातं ते त्यांनी सांगितलं. आज एक निवडली म्हणजे कायमची बांधून घेतली असंही नाही, पुढं बदलता येते.

"मशीन घ्यायचं असेल तर हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन लागतं, फिस्टुला म्हणतात. तो तयार व्हायला दोन-तीन महिने जातात. म्हणून आत्ताच ठरवायचं. उशीर झाला आणि धाप लागून तुम्हाला उचलून आणावं लागलं, तर मानेत नळी घालून घाईघाईत मशीन लावायची पाळी येते. त्या वेळी निवडायला काही शिल्लक राहत नाही. आता मला सांगा, तुमचा दिवस कसा जातो? काय सोडायला तुम्हाला जमणार नाही?"

प्रश्न अवघड नव्हता, पण असा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळं चिमणाबाईंना उत्तर कुठं ठेवलंय तेच सापडेना.

"इचारून सांगते," त्या म्हणाल्या.

"कुणाला विचारणार?"

"घरात."

"घरातलं कोण तुमच्याऐवजी सुई टोचून घेणार आहे?"

हे वाक्य घेऊन त्या घरी आल्या. दोन दिवसांनी चटणी कांडायला जातो असं सांगून सासू-सुना परत दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या आणि डोळ्यांनी बघा. त्यांनी बघितलं. जाड सुया बघितल्या. पायात गोळा आला म्हणून कळवळणारा माणूस बघितला. चार तासांनी उठून भिंत धरत जाणारी एक बाई बघितली. आकाराम नावाचे शिक्षक घरी पिशवी लावत. ते तपासणीला आले होते, त्यांच्याशी बोलल्या. गडी ताजातवाना होता. शाळा सांभाळून सगळं करत होता.

"गुरुजी, पिशवी लावल्यावर घरात कुणी हाका मारत न्हाय?"

"बायको कुणाला खोलीत येऊ देत नाही," गुरुजी म्हणाले.

चिमणाबाईंना बायको नव्हती. त्या पुढं सरकल्या. मशीनच्या खोलीत बनाबाई म्हणून गडहिंग्लजकडची एक बाई खुर्चीत पाय वर घेऊन पडली होती, अंगावर शाल, डोळे मिटलेले. तिचा मुलगा दारातून डोकावला. "आई, लाईट बिल कुटं ठेवलंयस?" नर्सनं त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि दार लावलं. बनाबाईनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. चिमणाबाई तिच्याकडं बराच वेळ बघत उभ्या होत्या. शेवटी वर्षाराणीनं हात धरून चला म्हटलं.

आणि आता, रविवारच्या बैठकीत, बाहेरच्या खोलीत मतदान सुरू झालं होतं. मशीनच्या बाजूनं विजयसिंह आणि मोना. पोटाच्या बाजूनं पृथ्वीराज, आणि "वर्षाचं मत माझ्याकडंच हाय," असं त्यानं सांगितल्यामुळं वर्षाराणी. समसमान. अध्यक्षांचं निर्णायक मत उरलं, ते त्यांनी काढ्याला दिलं.

"मामा," वर्षाराणी दारात येऊन म्हणाली, "आत्तींचं मत?"

"पेशंटला कशाचं मत? तिला त्यातलं काय कळतंय? उगं धसका घेईल." बाळासोंनी हात झटकला. "एकमत हुत न्हाय. सभा पाडव्यापर्यंत तहकूब. तवर काढा चालू करू."

आत चिमणाबाईंनी ट्रे बाजूला सारला. तहकूब म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. या घरात तहकूब झालेली गोष्ट पुन्हा निघायची ती माणूस खाटेवर पडल्यावर. छातीत धडधडायला लागलं ते आजारानं की रागानं, हे बघायला वेळ नव्हता.

"मामा, आयत्या येळंचा एक विषय हाय," वर्षाराणी म्हणाली, आणि बाजूला झाली.

चिमणाबाई ट्रे न घेता बाहेर आल्या. तेवढ्यानंच सगळ्यांना काहीतरी बिनसल्याचं कळलं. चहासाठी पुढं केलेला हात मागं कुठं घ्यावा ते न कळून विजयसिंह तसाच राहिला.

"तहकूब करू नका," त्या म्हणाल्या. "मी मशीन घेणार. उद्या जाऊन हाताचं सांगून येते."

"आई, तुला कुणी सांगितलं?" मोनानं विचारलं.

"तुमी. सकाळपासनं वरडताय."

"मी म्हणतच हुतो," विजयसिंह खुलला. "आई आमच्याच—"

"तुझ्या पॅनेलात आले न्हाय मी, इजू. तुला म्होरली खोली मोकळी पायजे. पृथ्वीला गाडी काढाय नगं. मोना शहाळ्यावर रुसलीया." त्या नवऱ्याकडं वळल्या. "आणि तुमचा काढा आधी त्या डाक्टरीणबाईस्नी पाजून दावा. त्या पी म्हणल्या तर मी पिते."

"अगं, पर मशीन म्हंजे आठवड्यातनं तीनदा," बाळासो म्हणाले. "अर्धा-अर्धा दिस जाणार. दमून येशील. घरच्या घरी बरं न्हवं मग?"

"दमीन की. सुई बी जाड हाय, बघून आले. पायात गोळं येत्यात, ते बी बघून आले. पर त्या चार तासात मला कुणी 'आई, चा टाक' म्हणाय आलं, तर नर्स त्येला हाताला धरून भाईर काढती. घरात पिशवी लावून बसले तर तुमी मला पिशवीसकट उठवशीला."

जो तो आईला पिशवीसकट उठवण्याचा प्रसंग मनात बघत होता, आणि वाईट हे की कुणालाच तो अशक्य वाटत नव्हता.

"गाडीचं मी बघितलं असतं, आई," पृथ्वीराज पडेल आवाजात म्हणाला. "पर वर्षा—"

"वर्षा हाय म्हणू नगंस. वर्षाला तिचं तिला इचारायचं."

"तीनातला एक दिस मी येते, आत्ती," वर्षाराणी म्हणाली. "ऱ्हायलेल्या दोन दिसांसाठी दोन पॅनेलं हायतच."

चिमणाबाईंना एवढं बोलून धाप लागली होती. त्या भिंतीला हात लावत आत गेल्या आणि खाटेवर उशीला टेकून बसल्या. आता बाहेर शांतता होईल, कुणीतरी आत येईल, पाय दाबू का म्हणेल, असं त्यांना वाटलं. वाटायला काही हरकत नव्हती. थोड्या वेळानं बाहेरून विजयसिंहचा आवाज आला, "आईनं मत मांडलं ते मांडलं, पर त्याच्यावर चर्चा व्हाय पायजे." मग बाळासोंचा, "एकाच येळी बोलू नका." आणि मग मोनानं चहाचं काय झालं ते विचारलं. चिमणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. बघायला कोण होतं?

सोमवारी सकाळी सासू-सुना निघाल्या तेव्हा बाळासो इस्त्रीचे कपडे घालून, टोपी चढवून दारात उभे होते.

"मी बी येतो."

"सभा तहकूब हाय न्हवं?" चिमणाबाई म्हणाल्या.

ते रिक्षात पुढं रिक्षावाल्याशेजारी अवघडून बसले. इतकी वर्षं सभेत कुणाला बोलू न देणारा हा माणूस रंकाळ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. मग मागं न बघताच म्हणाला, "गणपत आत गेला, परत आला न्हाय. तसंच तू बी..."

चिमणाबाईंना त्याची कीव आली. मशीनला भिऊन हा माणूस काढ्याला, वैदूला का चिकटून बसला होता ते आता नीट कळत होतं. पण कीव आली म्हणून खरं बोलायचं थांबावं, इतका वेळ त्यांच्याजवळ नव्हता.

"भावजी मशीननं न्हाय गेलं," त्या म्हणाल्या. "डाक्टर लाव म्हणत हुता तवा तुमी दोन महिने बैठका घेतल्या. शेवटाला उचलून न्हेलं, तवा उशीर झालता. ते खाटेवरनं म्हणत हुते, दादा, जे करायचं ते करा, पर लवकर करा. मी पाणी पाजत हुते, मी ऐकलंय."

बाळासोंची मान खाली गेली. ती दवाखाना येईपर्यंत वर आली नाही.

आत डॉक्टरांनी खुर्चीकडं बोट दाखवलं. बाळासो सवयीनं पुढं झाले, थबकले, आणि मागं सरून भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. चिमणाबाई खुर्चीत बसल्या.

"मग मावशी, घरच्यांचं काय ठरलं?"

"घरच्यांचं अजून चाललंय," चिमणाबाई म्हणाल्या. "माझं ठरलंय."

त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी दंड आवळून, बोटांनी चाचपून शिरा बघितल्या. हात चांगला आहे म्हणाल्या, सर्जनची तपासणी होऊन याच आठवड्यात ऑपरेशन उरकता येईल. "आजपासून या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, ब्लड प्रेशर घेऊ द्यायचं नाही. ऑपरेशननंतर ओझंही नाही. आणि या बांगड्या काढाव्या लागतील. या हातात आता काही घट्ट नको."

हिरव्या बांगड्या होत्या, मनगटावर दाटीनं बसलेल्या. वर्षाराणीनं सासऱ्याकडं पाहिलं.

"दुसरा हात न्हाय चालणार का?" बाळासोंनी हळूच विचारलं. "न्हाय, म्हंजे... सवाष्ण बाईचा हात हाय. मोकळा बरा दिसत न्हाय."

"तुमी जित्तं हायसा का न्हाय, ते माझ्या हातावरनं कशाला बघायचं?" चिमणाबाई म्हणाल्या. "बसलायसा की समोर. या, काढा."

त्यांनी हात नवऱ्यापुढं धरला. बाळासो स्टुलावरून उठले. नर्सनं साबणाचं पाणी आणून दिलं. हजारो लिटर दुधाच्या गप्पा मारलेल्या त्या माणसानं बायकोचा हात असा दोन्ही हातांत घेऊन कधी पाहिला नव्हता. सूज आलेल्या मनगटावर बांगड्यांचे वळ उठले होते. पहिली बांगडी हाडापाशी अडकली. ती फुटू नये म्हणून त्यांनी बोटं जुळवून धरली, जरा जोर लावला, आणि चिमणाबाईंचा चेहरा आक्रसलेला पाहून ते थांबले.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

चिमणाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. हा माणूस विचारून उत्तरासाठी थांबला होता.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "पर काढा."